जुन्या ओम्नीचे मागचे लायनर: बदलायचे की पेपर मारून चालवायचे?

गोदाकाठ, नांदेड
काल एकानं इथं ठोकून दिलं की ओम्नीला पुढचे ब्रेक पॅड टाकले की झालं. मागच्या लायनरला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्यांना, पॉलिश पेपर मारा अन् ड्रम चढवा. वर दाखला, "७० टक्के ब्रेक पुढंच लागतो." रिकाम्या गाडीला ठीक आहे हो. पण आपल्याकडं ओम्नी रिकामी असती कधी? मागं वऱ्हाड, नाहीतर टमाट्याचे क्रेट. वजन मागं गेलं की मागच्या ब्रेकलाही काम करावं लागतं. पेपरनं चकाकी जाती, जाडी परत येत नाही. ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर दाबणारा व्हील सिलिंडर गळून लायनर ऑइल प्यालं असलं तर फेकायचंच, अन् दोन्ही चाकांचं. एकीकडचंच बदललं की ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला ओढती.

वाळूजवाला
ते मीच लिहिलं होतं. "लायनर जाड असेल तर" हे शब्द दिसले नाहीत का? पॅड आधी झिजतात, लायनर कितीतरी जास्त चालतात. दर वेळी पॅडसोबत लायनर गळ्यात मारणारे मेकॅनिक मला माहिती आहेत. माझा ड्रम निघेना म्हणून एकानं हातोड्यानं कडाच उडवली! हॅन्डब्रेक सोडायचा, ड्रमवरच्या दोन आट्यांच्या भोकांत ८ एमएमचे बोल्ट घालून थोडे थोडे, सारखे पिळायचे. ड्रम आपोआप बाहेर येतो. पण हातोडा जवळ असला की भोकं दिसत नाहीत.

मांजरसुंबा मामा
तुम्ही लायनर मोजत बसा. इकडं कारखाने चालू झाले की रात्री घाटात उसाची जोडट्रॉली पुढं असती. लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, ट्रॉलीला ब्रेक नाही. तिच्यामागं तुमचे नवे पॅड काय करणार?

ऊसवाला, माजलगाव
आलात शेतकऱ्यावर! ऊस वाळला की वजन घटतं, तो तोटा तुम्ही भरून देणार का? रिफ्लेक्टर आम्ही लावतो, चिखलानं झाकतात.

मांजरसुंबा मामा
मग पुसा की! माझ्या मेव्हण्याची गाडी तशाच ट्रॉलीखाली गेली, पाय मोडून बसलाय. चिखल म्हणं.

ऊसवाला, माजलगाव
मेव्हणे किती वेगात होते, तेही सांगा.

मांजरसुंबा मामा
तोंड सांभाळून बोला.

परभणीची ताई
भांडण जरा बाजूला ठेवा. ड्रम उघडल्यावर तोंडानं फुंकर मारणाऱ्यांना कुणी सांगायलंय का? जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा. आमच्या दुकानातली पोरं हसतात, पण मी कॉम्प्रेसरची हवा मारू देत नाही. अन् ब्रेक ऑइल वर्षानुवर्षं तेच ठेवणाऱ्यांनी पॅडवर बोलूच नये. ते हवेतला ओलावा ओढतं. लांब उतारावर तापून त्यात वाफ धरली की पॅडल थेट तळाला जातं.

गोदाकाठ, नांदेड
ताई बरोबर. वाळूजवाल्यांचं बोल्टाचंही बरोबर, नाइलाजानं म्हणतो. जाडीला मी कुठं नाही म्हणलो? पण ती बघायला ड्रम उघडावा लागतो, अन् तुमच्या पोस्टी वाचणारा पुढचं चाक काढून थांबतो.

वाळूजवाला
ऑइल प्यालेलं लायनर फेका, एवढं मान्य. बाकी एक शब्द मागं घेत नाही. ट्रॉलीवाल्यांनी आपला वेगळा धागा काढावा.

ऊसवाला, माजलगाव
काढतो. आधी मामांनी वेग सांगावा.