बहुतेक काम वसुलीचंच

अमेरिकेच्या जुन्या सरहद्दीवरचा, म्हणजे नव्याने वसणाऱ्या पश्चिम भागातला वकील म्हटलं की लोकांना खुनाचे खटले आणि दणदणीत भाषणं आठवतात. पण अँड्र्यू जॅक्सनचं उदाहरण बघा. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला तो हाच. १७८७ मध्ये वकिलीची सनद मिळाली, १७८८ मध्ये, एकविशीतच, सरकारी वकील म्हणून नॅशव्हिलला आला. आज टेनेसी राज्यात असलेला तो भाग तेव्हा नॉर्थ कॅरोलायना राज्यात होता. सोबत खासगी वकिलीही होतीच. रोजचं काम काय, तर थकलेली कर्जं वसूल करणं, जमिनीचे वाद आणि मारामारीचे खटले. सावकार-व्यापारी खूश, कर्जदार अर्थातच नाही! रोकड दुर्मिळ, त्यामुळे फी अनेकदा जमिनीच्या रूपात मिळे. पुढे तो मोठा जमीनदार झाला, त्याची सुरुवात इथे दिसते. आणि पूर्वेकडच्या जोन्सबरो गावच्या कोर्टात जायचं तर २०० मैलांहून जास्त घोड्यावरून, तेही मूळनिवासींच्या हल्ल्यांच्या भीतीने गटागटाने. कायद्याच्या ज्ञानापेक्षा घोड्यावरची मांड जास्त कामाची असावी.