चोरखिसा की कनवटी?

प्रश्न (पाषाण):
विज्ञान दिनासाठी प्रथिनांच्या स्फटिकरचनांवर मराठी फलक लिहिते आहे. ‘लिगँड’, म्हणजे प्रथिनाला येऊन चिकटणारा रेणू, हा शब्द तसाच ठेवलाय. ‘बंधक’ लिहिलं की कुणाला तरी ओलीस धरल्यासारखं वाटतं. प्रथिनातल्या नेहमीच्या जागेला ‘खोबण’ हा शब्द छान बसला. पण लिगँड खोबण सोडून भलतीकडेच जाऊन बसतो, त्या जागेला काय म्हणावं? ‘अनपेक्षित बंधनस्थळ’ मुलं वाचणारच नाहीत.

उत्तर (सदाशिव पेठ):
चोरखिसा! आमच्या आजोबांच्या बंडीला आतून असायचा.

उत्तर (मंडईजवळून):
‘चोरखिसा’ मलाही आवडला, पण तो सगळीकडे चालणार नाही. चोरखिसा शिंप्याने शिवलेला असतो; रिकामा असला तरी असतोच. रक्ताच्या कर्करोगावरचं ॲसिमिनिब एबीएल प्रथिनाच्या ज्या जागेत बसतं, ती अशी आहे. मुळात तिथे प्रथिनाचीच मिरिस्टॉइल (मेदाम्लाची) शेपटी बसते. तिथे चोरखिसा खुशाल लिहा.

एचआयव्हीच्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेजचं, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या प्रथिनाचं, तसं नाही. १९९२ साली नेव्हिरॅपीन या औषधासकट त्याची रचना दिसली, तेव्हा औषध मुख्य क्रियास्थळापासून, म्हणजे प्रथिन जिथे काम करतं त्या खोबणीपासून, साधारण १ नॅनोमीटरवर बसलेलं होतं. औषध नसलेल्या रचनेत तिथे खिसाच नाही! प्रथिनातली टायरोसीन नावाची दोन अमिनो आम्लं बाजूला वळतात तेव्हा कुठे जागा होते. याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, कनवटी. मंडईत अजूनही एखादी मावशी कमरेच्या लुगड्याची गुंडाळी सोडून घामाने मऊ झालेली नोट काढते, सुट्टे देते आणि उरलेले पैसे परत खोचते. पैसे खोचले की कनवटी होते, काढले की नुसतं लुगडं. हा शब्द बोलण्यातून चाललाय, म्हणूनही तो फलकावर यावा असं मला मनापासून वाटतं.

ताई, ग्लिसरॉलला मात्र यात घेऊ नका. स्फटिक गोठवताना बर्फ धरू नये म्हणून आपणच तो घालतो आणि तो मिळेल त्या फटीत शिरतो. रचनेच्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशावर हिरवा ठिपका दिसला की आपलं औषधच सापडलं असं वाटतं. नीट बसवून पाहावं तर तीन कार्बनांचा ग्लिसरॉल. त्याला ‘आगंतुक’ म्हणा.

प्रश्नकर्ती:
कनवटी घेतेच! आईला विचारलं, तिने पदर खोचूनच दाखवलं. तेच चित्र नेव्हिरॅपीनच्या शेजारी काढते. अनेकवचन ‘कनवट्या’च ना?