पॅकेजमधल्या ‘सगळं’ या शब्दात काय काय येतं, ते विचारून घ्या

बेटावरच्या रिसॉर्टची सहल ठरवताना, जेवण पॅकेजमध्येच आहे, मग तिथे वेगळे पैसे कशाला, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पॅकेज ‘हाफ बोर्ड’ असेल, तर त्यात सहसा नाश्ता आणि रात्रीचं जेवण एवढंच येतं. दुपारचं आपल्या खिशातून, आणि बेटावर दुसरं हॉटेलच नसेल तर सांगतील ती किंमत द्यावी लागते. मेनूवर किमतीपुढे अधिकची दोन चिन्हं दिसली की समजायचं, सेवा शुल्क आणि कर वेगळे. समजा डिश १०० ची, त्यावर १० टक्के सेवा शुल्क, मग त्या ११० वर १० टक्के कर, झाले १२१! चौघं जण आठ दिवस राहिले तर हा फरक चांगलाच जाणवतो. कार्ड मशीनने ‘तुमच्या चलनात भरायचं का’ विचारलं तर स्थानिक चलनच निवडा, नाहीतर चलन बदलण्याचा दर बहुतेक वेळा महाग पडतो.

भेटवस्तूंचं बजेट निघण्यापूर्वीच, माणसं मोजून ठरवा. आणि अगदी कळकळीने सांगते, प्रवाळाचे तुकडे, कासवाच्या कवचाचे दागिने घेऊ नका. सायटीस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार त्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेत. विमानतळावर बॅग उघडली तर वस्तू जप्त होतात, वर दंडही होऊ शकतो.