मदत हवी आहे: साय-फाय गेमच्या शेवटाला प्लेअरला घाई कशी लावायची?

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मावसबहीण मिळून एक टेक्स्ट गेम करतोय, ट्वाइनमध्ये (असे गेम बनवायचं टूल), मराठीत. वाचायचं आणि ऑप्शन क्लिक करायचा, ग्राफिक्सच्या नावाने शून्य. गुरूच्या युरोपा चंद्रावर वस्ती आहे, बर्फात खोदकाम चालू असतं आणि शेवटच्या भागात ऑक्सिजन प्लांट बंद पडायला लागतो. आता अख्खी वस्ती मरणार म्हटल्यावर पणाला आणखी काय लावायचं? पण ज्यांना ज्यांना खेळायला दिला ते सगळे नेमके तिथेच निवांत होतात. कँटीनमध्ये गप्पा मारतात, एका म्हातारीचं हरवलेलं मांजर शोधतात, आणि प्लांट बिचारा ह्यांची वाट बघत अर्धवट बंद पडून थांबलेला असतो.

मोठ्या गेम्समध्येही हे असतंच म्हणा. मास इफेक्ट ३ या साय-फाय गेममध्ये रीपर नावाची महाकाय यंत्रं पृथ्वी जाळत असतात आणि आपण सिटाडेल या प्रचंड अंतराळ स्थानकावर फिरून कोणाकोणाच्या वस्तू पोचत्या करतो. आणि शेवटी ते अख्खं सिटाडेल पृथ्वीजवळ नेलं जातं, एवढी मोठी गोष्ट, ती आपल्याला बोलण्यातून कळते! २०१२ ला शेवटावरून जो राडा झाला त्यात शेवटच्या तीन रंगांच्या चॉइसलाच सगळे बोलले, मला तर शेवटच्या लढाईसाठी लंडनला पोचायच्या आधीच पकड सुटल्यासारखी वाटली.

उलट मास इफेक्टच्या दुसऱ्या भागात (२०१०, स्पॉयलर आहे) कलेक्टर नावाचे परग्रहवासी आपल्या जहाजावरची माणसं पळवून नेतात. लगेच मागे गेलात तर सगळी वाचतात, मध्ये एक-दोन मिशन करत बसलात तर निम्मी जातात, आणखी रेंगाळलात तर फक्त डॉक्टरबाई उरतात. स्क्रीनवर घड्याळ नाही की काही नाही. मी बाकीची कामं उरकून गेलो आणि जहाजावरची आपली सहायक केली चेंबर्स डोळ्यासमोर काचेच्या पॉडमध्ये विरघळली. तिथे आकाशगंगेचं काय व्हायचं ते होवो, मला तेवढंच लक्षात राहिलंय.

म्हणून आम्ही पण तसंच केलं, उशीर झाला की एक माणूस कमी. तर एक मित्र भडकलाच, म्हणे आधी सांगितलं असतं तर मी मांजर शोधत बसलो असतो का. बहीण म्हणते मग टायमर टाक. पण वाचायच्या गेममध्ये टायमर टाकला तर लोक वाचणारच नाहीत, नुसतं क्लिक क्लिक करत सुटतील, आणि हळू वाचणाऱ्याला उगाच शिक्षा. काय करावं? कोणी असं काही केलंय का?

रातकिडा: टायमर अजिबात नको. ट्वाइनमध्ये व्हेरिएबल (गेम लक्षात ठेवतो तो आकडा) ठेव, प्रत्येक फालतू फेरीला एक वाढव, आणि आकडा दाखवू नकोस, फेरीगणिक जागेचं वर्णन बदल. पहिल्यांदा कँटीनमधले दिवे मंद, मग चहा बंद, मग म्हातारीच धापा टाकत म्हणते राहू दे रे मांजराचं. एवढं करून कोणी थांबला तर त्याने तक्रार करू नये.

चकलीवाला: रातकिडाशी अर्धा सहमत. पण मरतो कोण हे जास्त महत्त्वाचं. केलीचं मरण मनाला लागतं कारण ती दिवसभर आपल्याशी बोलते, ओळख वाढवली तर आपल्या केबिनमधले मासेसुद्धा सांभाळते. तुमच्याकडे कोण मरतो? त्याचं प्लेअरकडे आधी काही काम पडलंय का?

धागाकर्ता: चहा बंदची आयडिया चोरली! मरतो तो खाणकामगार, नाव पण नाहीये त्याला अजून. कँटीनमध्ये चहा देणाऱ्यालाच मारू का मग? पण मांजराची क्लू तोच देतो, तो गेला की ती साइड क्वेस्ट (मांजर शोधायचं जोडकाम) अडकते, हे ट्वाइनमध्ये कसं सोडवायचं तेवढं सांगा कोणीतरी.