मदत हवी आहे : पोलीस असलेल्या सीरियल किलरवरचा लेख नात्यागोत्यात अडकलाय

कॅलिफोर्नियाच्या जोसेफ डीअँजेलोवर, म्हणजे ‘गोल्डन स्टेट किलर’वर, लेख लिहितोय. 1973 ते 1979 हा गृहस्थ पोलिसात होता, आधी एक्झेटरला, मग ऑबर्नला. 2020 मध्ये त्याने 13 खून कबूल केले.

गुन्ह्यांचा भाग लिहून झालाय. डिसेंबर 1975 मध्ये व्हायसेलियात दबा धरून बसलेल्या एका पोलिसाने त्याला अगदी गाठलं होतं. पठ्ठ्याने शरण येतोय असं भासवलं, गयावया केली आणि दुसऱ्या हाताने गोळी झाडली. ती लागली पोलिसाच्या टॉर्चला, आणि हा पसार. समोरचा बुरखेवाला शेजारच्या गावातला पोलीस आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार! नोकरी गेली ती 1979 मध्ये, दुकानातून हातोडी आणि कुत्री पळवायचा फवारा चोरताना सापडला म्हणून. (कुत्री पळवायचा फवारा कशाला हवा होता, हे तेव्हाच कुणीतरी नीट खोदून विचारायला हवं होतं.)

गाडी अडलीय ती पुढे. 1980 च्या एका दुहेरी खुनाच्या पुराव्यातला डीएनए वंशावळीच्या साइटवर टाकला, तेव्हा ‘थर्ड कझिन’च्या आसपासची माणसं जुळली. तिथून वर जाऊन समाईक पूर्वज शोधले, मग खाली उतरत एकेक फांदी तपासली. वय, लिंग, राहण्याचं ठिकाण लावत नावं गाळली. शेवटी त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि कचऱ्यातला टिश्यू यांवरचा डीएनए जुळला. 24 एप्रिल 2018 ला अटक झाली तेव्हा तो 72 वर्षांचा होता.

तर ‘थर्ड कझिन’ला काय म्हणू? चुलत म्हटलं की बापाची बाजू आली, मावस म्हटलं की आईची. डीएनए जुळल्यावर नेमकं तेच तर माहीत नसतं! ‘दूरचा नातेवाईक’ फारच ढगळ होतं. समाईक डीएनए सरासरी एक टक्क्याच्याही आत असतो, ते वाचकाला जाणवायला हवं.

दुसरं, शीर्षकात ‘पोलीस’ की ‘माजी पोलीस’? 3 खून नोकरीत असताना, 10 नंतर. पण बलात्कारांची मालिका बहुतेक नोकरीतलीच. ‘माजी’ म्हटलं की खात्याने हात झटकल्यासारखं वाटतं.

प्रतिसाद १
खापरपणजोबा विसरलात का? थर्ड कझिन म्हणजे एकाच खापरपणजोबांचे खापरपणतू. आजोबा आईकडचेही असतात आणि वडिलांकडचेही, त्यामुळे बाजू सांगावी लागत नाही. प्रत्येकाला असे आठ खापरपणजोबा असतात, हे एका ओळीत लिहा. शोध किती पसरतो ते आपोआप कळेल.

प्रतिसाद २
‘माजी’ नको. ‘पोलिसात असतानाच’ हे शब्द पोटशीर्षकात घ्या आणि 3 व 10 हे आकडे पहिल्याच परिच्छेदात द्या. नाहीतर कुणीतरी 13 ही खून वर्दीतच केले असं समजून बसेल.

धागाकर्ता
खापरपणजोबा! घरात इतक्यांदा ऐकलेला शब्द, ऐन वेळी आठवला नाही. पोटशीर्षकाचंही पटलं. आता एकच शंका, खापरपणजोबांच्याही वरच्या पिढीला काय म्हणतात? काही फांद्या तिथवर गेल्यात.