मदत हवी: कणसाच्या पाइपला बांबूची शँक बसवली, आता ओढताना गुडगुड होतेय

टेकडीवाला
नमस्कार मंडळी, कॉर्न कॉब पाइपवाले (मक्याच्या कणसाचा तंबाखू ओढायचा पाइप) कोणी आहे का इथे? साधा स्वस्तातला मिसूरी मीरशॉम कंपनीचा आहे, त्याची लाकडी शँक (मधली दांडी) काढून बांबूची बसवली आणि स्टेम (तोंडात धरायची नळी) पण बदललं. दिसायला एक नंबर झालाय पण अर्धा बाऊल (तंबाखू भरायची वाटी) झाला की गुडगुड सुरू, पाणी तोंडात येतं आणि तळाची तंबाखू ओली राहते ती जळतच नाही. आधी असं होत नव्हतं. रविवारी मामांना द्यायचाय, त्यांची साठी आहे, म्हणून घाई आहे. पटकन सांगा काय करू.

लेथवाला भोसरी
कुठलं मॉडेल? फिल्टरचं का? भोक किती एमएमचं मारलं? चिकटवलं कशाने? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार दादा. फोटो टाका.

सदाशिव३०
तंबाखू ओली आहे, दुसरं काही नाही. पुण्यात पावसाळ्यात पाऊच उघडला की तंबाखू लगेच दमट होते. कागदावर पसरून अर्धा तास पंख्याखाली ठेवा आणि बाऊल गच्च भरू नका. मी तरी असंच करतो आणि गुडगुड अजिबात नाही.

टेकडीवाला
तंबाखूचं नाहीये ओ, तीच तंबाखू दुसऱ्या पाइपमध्ये व्यवस्थित जळते. मॉडेल लेजंड. फिल्टर काढून टाकलाय. शँक इपॉक्सीने चिकटवलीय.

मृण्मयी_प
मामांना साठीला तंबाखूचा पाइप? तंबाखू कुठल्याही रूपात घेतली तरी कॅन्सर आणि हृदयविकाराचा धोका असतोच, पाइपचा धूर आत ओढला नाही तरी तोंडाला आणि घशाला आहेच. त्यांना चांगले बूट घेऊन द्या, पर्वतीवर जातील रोज.

टेकडीवाला
ताई, मामा ३० वर्षं पाइप ओढतायत, ते मी नाही थांबवू शकत. प्लीज गुडगुडीचं कोणीतरी सांगा.

धूम्रवलय
तळाची तंबाखू ओली राहते म्हणजे भोक तळापेक्षा वर आलंय. फॅक्टरीची शँक बाऊलच्या आत थोडी घुसलेली असते, ती काढून दुसरी बसवली की भोकाखाली खड्डा राहतो आणि सगळं पाणी तिथे साठतं. पीओपी भरा तळाला, विषय संपला. या पाइपचा शोधच प्लास्टरवर उभा आहे, हेन्री टिबे यांचं १८७८ चं पेटंट त्याचंच आहे.

जुनाबाजार
ते प्लास्टर बाहेरून होतं! कणसाच्या बाहेरच्या खाचा भरून गुळगुळीत करायला. आत जिथे निखारा असतो तिथे पीओपी नको, तापलं की त्यातलं पाणी उडून जातं आणि ते भुसभुशीत होतं. राखेचा लेप द्या. पाइपचीच राख, बारीक चाळून, पाणी अगदी थेंबथेंब, थालीपीठाच्या पिठापेक्षा घट्ट. जास्त पाणी घातलं तर कणीस ते पिऊन फुगेल. लावताना पाइप क्लीनर (पाइप साफ करायची मऊ तार) भोकात घालून ठेवा म्हणजे भोक बुजणार नाही.

धूम्रवलय
माझ्या पाइपमध्ये पीओपीच आहे आणि अजून टिकलंय. तुमची राख खरवडताना निघून येते.

जुनाबाजार
निघाली तर परत लावायची, राख काय विकत आणावी लागते?

कॅप्टन एरंडवणे
दुसऱ्या महायुद्धातले अमेरिकन सेनापती जनरल मॅकआर्थर यांचा तो उंच पाइप याच मिसूरी मीरशॉम कंपनीने बनवून दिलेला. कंपनी १८६९ पासून मिसूरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात आहे, आणि तिथे कणसं दोनेक वर्षं वाळवल्याशिवाय पाइप करत नाहीत. आपल्याकडच्या मक्याचं कणीस आणून करायचा विचार असेल तर आधी इतकं वाळवा.

लेथवाला भोसरी
कॅप्टनसाहेब, कणीस नवं करायचं नाहीये त्यांना. टेकडीवाला, मी विचारलेलं राहिलं, बांबूत भोक किती एमएमचं मारलं?

टेकडीवाला
मारलंच नाही. बांबू आतून पोकळच असतो ना, फक्त मधली गाठ सळईने फोडली. पोकळी ८ एमएम असेल.

लेथवाला भोसरी
हे आधी सांगायचं की! हवेची वाट ४ एमएमच्या आसपास पाहिजे. अरुंद स्टेमच्या मागे ८ ची पोकळी आली की धूर तिथे रेंगाळतो, गार होतो आणि वाफेचं पाणी होतं, तेच गुडगुडतं. शिवाय फोडलेल्या गाठीच्या कडा आत असणार, त्यावर थेंब अडतात. राखेचा लेप द्याच, पण नुसत्या लेपाने ही गुडगुड जाणार नाही. पितळी नळी आत घाला, तांबट आळीत मिळेल.

बांबूवाली
पितळ नको, धातू गार पडतो आणि त्यावर पाणी अजून धरतं. भरीव बांबू घ्या. कोकणातला माणगा जवळजवळ भरीव असतो, काठ्यांसाठी येतो. बुरुड आळीत भरीव काठी म्हणून मागा आणि शेंड्याकडचा बारीक तुकडा घ्या. मात्र शोभेचा, पॉलिश केलेला किंवा बोरिकची प्रक्रिया केलेला बांबू अजिबात घेऊ नका, त्यातून धूर ओढायचाय. भोकं पडलेला, पिवळी पूड गळणारा पण नको, तो किडलेला असतो.

लेथवाला भोसरी
हे माझ्या नळीपेक्षा चांगलं. साधं ४ एमएमचं ड्रिलचं बिट ७५ एमएम लांब असतं आणि त्यातलं निम्म्याहून थोडं जास्तच कापतं, म्हणून दोन्ही टोकांनी अर्धं अर्धं मारा. बांबूवर चिकटपट्टी गुंडाळा नाहीतर चिरेल, व्हाइसमध्ये पण हलकेच धरा. आधी भोक, मग बाहेरून कानस आणि पॉलिश पेपर. स्टेमच्या टोकाचं खोबण मारताना खोली मोजून घ्या, टोक तळाला टेकलं पाहिजे, मधे फट राहिली की परत तिथेच पाणी. आणि बाऊलमध्ये जाणाऱ्या टोकाला इपॉक्सी नको, तापली की मऊ पडते. घट्ट बसेल असंच घासा.

सदाशिव३०
एबोनाइटचं (कडक काळ्या रबराचं) स्टेम असेल तर उन्हात ठेवू नका, हिरवट पडतं. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासलं की परत काळं होतं.

टेकडीवाला
स्टेम ॲक्रिलिकचं आहे. बांबूवालीताई, बुरुड आळीत एवढासा तुकडा देतात का अख्खी काठी घ्यावी लागते?

बांबूवाली
अख्खीच घ्या, पहिला तुकडा चिरलाच तर दुसरा लागेल.

टेकडीवाला
काठी आणली. भोकं मधे बरोबर जुळली, स्टेममधून घातलेला क्लीनर सरळ बाऊलमध्ये तळाशी येतोय. स्टेमचं टोकही टेकलंय. राख आत्ता लावली. वाळायला किती वेळ द्यायचा? उद्या पेटवून बघितलं तर चालेल का?

जुनाबाजार
या हवेत उद्या नको, परवा. तोपर्यंत पंख्याखाली ठेवा, गॅसवर शेकवू नका, तडा जाईल. परवा आधी अर्धाच बाऊल भरून सावकाश ओढा, मग मामांना द्या.