फिलाडेल्फियाचं स्पेक्ट्रम स्टेडियम आठवतंय का कुणाला?

परवा लेकाला गेमला नेलं, पार्किंगमधून चालताना म्हटलं अरे इथेच स्पेक्ट्रम होतं, तर म्हणे कुठे, इथे तर बार आहेत. खरंय, पाडल्यावर तिथे एक्सफिनिटी लाइव्ह नावाचं बार-रेस्टॉरंटांचं संकुल झालं. 1967 ते 2009, बर्फावरची हॉकी, बास्केटबॉल, रॉक सगळं एकाच छपराखाली. छप्परही असं की फेब्रुवारी 1968 मध्ये आइस कपेड्सचा बर्फावरच्या स्केटिंगचा शो चालू असताना वाऱ्याने त्याचा तुकडा उडवला, प्रेक्षकांना वर आभाळ! डागडुजी केली तर 1 मार्चला परत तेच, मग फ्लायर्सना, म्हणजे इथल्या हॉकी टीमला, 'घरच्या' मॅचेस न्यूयॉर्क, टोरांटो, क्युबेकला जाऊन खेळाव्या लागल्या. फिली-जर्सीवाल्यांनो, लिहा तुमचे अनुभव.

जुना_खोड: मी 1973 ला शिकायला आलो, हॉकी म्हणजे ध्यानचंद एवढंच माहीत. रूममेटने ओढत नेलं, पार वरच्या रांगेत. खाली दोघांनी हातमोजे फेकले, एकमेकांचे स्वेटर धरून दे दणादण, आणि रेफरी बाजूला उभे! म्हटलं थांबवत का नाहीत, तो म्हणे गप बघ. उगाच नाही फ्लायर्सना ब्रॉड स्ट्रीट बुलीज, म्हणजे ब्रॉड स्ट्रीटचे दांडगट, म्हणायचे. पुढच्या वर्षी 19 मेला बॉस्टनला 1-0 हरवून स्टॅनली कप, म्हणजे हॉकी लीगचा किताब, घेतला, त्या दिवशी गायिका केट स्मिथ स्वतः येऊन गायली होती. आम्हाला कसलं तिकीट, टीव्हीवरच बघितलं, पण मिरवणुकीला गेलो. अनंत चतुर्दशीच हो, फक्त गुलाल नाही.

पोळपाट: ग्रेटफुल डेड हा रॉक बँड इथे 53 वेळा वाजला, त्यातली एक अख्खी रात्र मी गाडीत काढलीय. मुलगा सोळाचा, एकटा सोडायचा नव्हता आणि आत जायची माझी छाती नव्हती. पार्किंगमध्येच जत्रा. एका अनवाणी पोरीने काचेवर टकटक करून गरम चीज सँडविच दिलं, पैसे घेईना. मग मी माझ्या दशम्या दिल्या.

चहाबाज: सगळे हळहळताय म्हणून सांगतो, अख्ख्या पब्लिकला मिळून एकच गोल कॉरिडॉर होता, मध्यंतरात दादरचा पूल. एकदा बिअर माझ्या नव्याकोऱ्या जॅकेटवर. पण आवाज असा घुमायचा ना, शेजारी 1996 ला नवीन झालं त्यात ती मजा नाही. मालकांना लक्झरी बॉक्स हवे होते, तुमचा-आमचा आवाज कोण विचारतो.

गल्लीतला_गावसकर: पर्ल जॅम या रॉक बँडचा इथला शेवटचा शो, 31 ऑक्टोबर 2009, मी होतो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात पाडायला काढलं तेव्हा पण गेलो, थंडीत उभं राहून लोखंडी गोळा भिंतीवर आदळताना बघितला. बायको म्हणाली मयताला आल्यासारखा काय उभा आहेस.

धागाकर्ती: पोळपाट, दशम्यांचं पुढे काय झालं?

पोळपाट: लसणीच्या चटणीसकट खाल्ल्या तिने. वर एक रंगीबेरंगी टीशर्ट दिला, नवरा अजून बागकामाला घालतो.